पोस्त आणि अंतस्थ

एके काळीं मुंबईहून बोटीनें धरमतरास उतरून पेण-रोह्याकडे जाणारा प्रवासी खलाशाच्या हातावर दोन पैसे ठेवी. दिवाळीस गडीमाणसांना पोस्त मिळे. यास लांच कोण म्हणेल? परंतु पेशवाईअखेर मामलेदार दरबारीं जें 'अंतस्थ' पोंचवीत, तें 'दरबारखर्च' म्हणून रयतेवरच बसे, असें एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत नोंदविलें आहे. खुद्द कंपनीचा इतिहासही निष्कलंक नव्हे. १७५७ नंतर क्लाइव्हादिकांनीं बंगालच्या नबाबाकडून लक्षावधींचे नजराणे उपटले. १७७३ च्या कायद्यानें असे नजराणे घेण्यास मनाई झाली. बक्षिसी देणाऱ्याच्या पदरांतून उघडपणें जाते, लांच तिसऱ्याच्याच. म्हणून रकमेपेक्षां पदर पाहावा, असें आम्हांस वाटतें.