ढाल कोणाची, मैदान कोणाचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी शाळेत असताना क्रिकेट खेळलो नाही, लिहिलं. अक्षर बरं होतं म्हणून पी.टी.च्या सरांनी माझ्या हाती स्कोअरबुक दिलं होतं. कुर्ल्यातली आमची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. तिला स्वतःचं मैदान नव्हतं. शाळेच्या किट बॅगेत दोन बॅटी आणि पॅडच्या दोन जोड्या होत्या. त्यातली एक जोडी फाटल्यावर दोन्ही फलंदाज एकेका पायाला पॅड बांधून उतरायचे. गिरणी संप सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. साच्यावर काम करणारे माझे अब्बा तेव्हा हातगाडीवर केळी विकत होते आणि संघातल्या निम्म्या मुलांच्या घरी हीच कथा होती. नव्या पॅडसाठी वर्गणी कोणाकडे मागायची?

१९८५ साली हॅरिस शिल्डच्या पहिल्याच फेरीत आमची गाठ एका नामांकित शाळेशी पडली. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण दोष तिचा नव्हता. त्या शाळेला स्वतःचं मैदान होतं, नेट होतं, पगारी प्रशिक्षक होता. आमची मुलं गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेली. सीझन बॉल सामन्याच्या आधी आठवडाभर हातात आलेला, आणि टर्फची खेळपट्टी बहुतेकांनी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी तीन बाद चारशेच्या वर धावा करून डाव सोडला. आम्ही ४१ धावांत आटोपलो. त्यांचे पडलेले तिन्ही गडी आमच्या एकाच डावखुऱ्या गोलंदाजाने काढले होते. त्याची गोष्ट पुढे येईल.

स्कोअरबुकात प्रत्येक चेंडूची नोंद होते. कोण कुठून आलं, किती तयारीने आलं, याला तिथे रकाना नसतो. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. ज्या शाळांकडे सगळं आहे आणि ज्यांच्याकडे काही नाही, त्यांनी एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने खेळणं हा न्याय आहे का?

प्रश्न जुना आहे. मुंबईत तो शाळांच्या आधी मैदानाने विचारला. आज आपण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल अशी वेगवेगळी नावं घेतो, ते सगळं एके काळी एस्प्लनेड नावाचं एकच विस्तीर्ण मैदान होतं. पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. त्यांच्या पाठोपाठ हिंदू आणि मुसलमान मुलंही तिथे खेळू लागली. १८७५ साली गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना झाला. जिमखान्याचं स्वतःचं राखीव मैदान असताना त्याचे पोलो खेळणारे सभासद एतद्देशीयांच्या मैदानावर घोडे दौडवायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडायच्या. १८८१ पासून अर्ज-विनंत्या सुरू झाल्या. एकदा निकाल बाजूने लागला, मग तो फिरवला गेला. १८९० मध्ये लॉर्ड हॅरिस गव्हर्नर होऊन आले. ते स्वतः इंग्लंडचे कर्णधार राहिलेले. क्रिकेटवाल्याचं दुःख क्रिकेटवाला जाणेल अशी आशा लोकांना वाटली असणार. पण पोलोविरुद्धच्या तक्रारीला त्यांच्याकडेही दाद मिळाली नाही. समुद्राकाठी धर्मवार जिमखान्यांना जागा मिळाल्या, ती वेगळी गोष्ट. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ साली या झगड्यावर पुस्तकच लिहिलं.

आणि त्याच दशकात मुंबईच्या शाळांसाठी जी क्रिकेट स्पर्धा सुरू झाली, तिच्या ढालीला नाव मिळालं हॅरिस यांचंच. म्हणजे मैदानाचा वाद ज्यांच्या दारातून रिकाम्या हाताने परतला, त्यांच्या नावाच्या ढालीसाठी मुंबईची मुलं सव्वाशे वर्षं खेळत आहेत. मोठ्या मुलांसाठी हॅरिस, लहानांसाठी गाइल्स. या दोन ढालींनी भारताला किती कसोटीपटू दिले याची यादी वाचायला बसलो तर माझा वेळ संपून जाईल.

आता शाळांकडे येऊ. सरकारी विरुद्ध खासगी अशी सरळ रेघ आपल्याकडे ओढता येत नाही. महापालिकेच्या बहुतेक शाळा प्राथमिक. माध्यमिक शाळा बऱ्याचशा संस्थांच्या. त्यातल्या अनुदानित शाळांमध्ये शिक्षकांचा पगार सरकार देतं, विनाअनुदानित शाळा फीवर चालतात. तेव्हा आपली खरी रेघ दुसरीच आहे. मैदान असलेली शाळा आणि नसलेली शाळा. मुलं निवडून आणू शकणारी शाळा आणि दारात येईल त्याला घेणारी शाळा.

मुलं निवडून आणणं ही गोष्ट वाईट म्हणावी, तर समोर रमाकांत आचरेकर सर उभे राहतात. वांद्र्याच्या शाळेत शिकणाऱ्या एका मुलाला त्यांनी दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात जायला सांगितलं, कारण त्याच्या शाळेत क्रिकेटचं वातावरण नव्हतं. तो मुलगा सचिन तेंडुलकर. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर, हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात, सचिन नाबाद ३२६ आणि विनोद कांबळी नाबाद ३४९ अशी ६६४ धावांची भागी झाली. कांबळी कांजुरमार्गच्या वस्तीतून लोकलने येणारा. शारदाश्रम काही श्रीमंतांची शाळा नव्हती. चांगल्या गुरूने मुलं एकत्र आणली आणि त्या मुलांचं सोनं झालं. हे चूक होतं असं म्हणण्याची माझी छाती नाही.

पण त्या दिवशी दुसऱ्या बाजूला सेंट झेवियर्सची अकरा मुलं होती. त्यात साईराज बहुतुले होता. त्याच्या फिरकीला त्या डावात एकही बळी मिळाला नाही. पुढे तो भारताकडून दोन कसोट्या खेळला. म्हणजे मार खाणाऱ्या संघातही हिरा असू शकतो. फक्त त्याच्या मागे शाळा, घर आणि नेट उभं असावं लागतं. ज्यांच्या मागे काहीच नसतं, ते त्या एका दिवसानंतर बॅट ठेवून देतात.

अशीच एक गोष्ट २०१६ च्या जानेवारीतली, कल्याणची. प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ पासून टिकलेला ए. ई. जे. कॉलिन्स यांचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. साऱ्या जगाने ती बातमी वाचली, आणि वाचायलाच हवी होती. पण मी जुना स्कोअरर, माझी नजर धावफलकाच्या दुसऱ्या बाजूला गेली. प्रतिस्पर्धी संघ ३१ आणि ५२ वर बाद. एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव. प्रणवच्या कौतुकात काडीचीही वजाबाकी न करता विचारतो, त्या हरलेल्या मुलांनी दोन दिवसांत काय शिकलं असेल?

यावर अमेरिकेत बराच खल झाला आहे. तिथे सरकारी हायस्कूलला हद्द असते. त्या हद्दीत राहणारीच मुलं तिथे जातात. खासगी शाळेला हद्द नाही, ती कुठूनही मुलं घेते. १९९७ मध्ये टेनेसी राज्यातल्या ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने, प्रवेश ठरलेल्या पण अजून आठवीत असलेल्या मुलांना सरावाला येण्याचं पत्र धाडलं. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने ही मुलं ओढण्याची युक्ती ठरवून ३००० डॉलर दंड केला आणि शाळेच्या संघांवर बाद फेरीची बंदी घातली. शाळा कोर्टात गेली. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शाळेचं म्हणणं ऐकलं गेलं, २००७ मध्ये एकमताने संघटनेचा नियम योग्य ठरला. एका पत्रावर दहा वर्षं! आपल्याकडे तर मुलाला शाळा बदलायला सांगणं हा गुरूचा आशीर्वाद मानला जातो.

त्या देशात उपायही निरनिराळे झाले. टेनेसीने फीसाठी मदत देणाऱ्या खासगी शाळांचा गट वेगळा केला. इलिनॉयने २००५ मध्ये हद्द नसलेल्या शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणायचं ठरवलं. म्हणजे ४०० मुलांची शाळा ६६० ची धरायची आणि तिला मोठ्या शाळांच्या गटात खेळवायचं. खासगी शाळांनी तक्रार केली की आमच्यातल्या दुबळ्यांनाही हाच गुणाकार का, आणि पुढे न जिंकणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. इंडियानाने २०१२ मध्ये मला पटणारा मार्ग काढला. शाळा सरकारी की खासगी हे विचारायचंच नाही. जी सतत जिंकते ती वरच्या गटात जाईल.

कोणी म्हणेल, पोरांच्या खेळात एवढी कायदेबाजी कशाला? पण खेळ आता नुसता खेळ राहिलेला नाही. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्या वाटेची पहिली पायरी शाळेचा संघ आहे. ती पायरी काही मुलांच्या दारासमोर आणि काहींच्या दारापासून दहा कोस दूर असेल, तर हा भाकरीचा प्रश्न होतो.

आता आमच्या डावखुऱ्या गोलंदाजाकडे येतो. सामना संपल्यावर त्या नामांकित शाळेच्या प्रशिक्षकांनी त्याला बाजूला बोलावलं. आठ दिवसांनी ते त्याच्या चाळीत गेले. फी माफ, बूट-कपडे शाळेचे. त्याच्या वडिलांनाही गिरणीने रस्त्यावर आणलेलं, ते नाही कशाला म्हणतील? तो गेला. पुढच्या वर्षी आमच्या शाळेने हॅरिससाठी नावच दिलं नाही. ‘गोलंदाज नाही, काय खेळणार?’ असं म्हणत सरांनी किट बॅग कपाटात ठेवली. स्कोअरबुक मी मागून घेतलं. त्याच्या कोऱ्या पानांवर माझ्या पहिल्या कविता लिहिल्या.

मित्राला पुढे क्रिकेटवर रेल्वेत नोकरी लागली. घर उभं राहिलं, बहिणींची लग्नं झाली. त्याच्यावर अन्याय झाला असं मी म्हणूच शकत नाही. अंजुमन-ए-इस्लामसारख्या शाळेतून बेस्टच्या बसचालकाचा मुलगा वसीम जाफर भारताचा सलामीवीर होतो, तेव्हा कोणीतरी हुशार मुलाला हात दिल्याचाच आनंद होतो.

गेल्या वर्षी आम्ही दोघं आझाद मैदानाच्या कडेला चहा घेत उभे होतो. आत शाळकरी मुलांचा सामना चालू होता, एकतर्फीच. मी त्याला विचारलं, ‘तू गेलास त्याचं तुला कधी वाईट वाटलं का रे?’

तो बराच वेळ सामना बघत राहिला. मग म्हणाला, ‘जाण्याचं नाही वाटलं. पण त्या सरांनी मला नेलं तेव्हा बाकीच्या दहांना निदान रविवारी नेटवर येऊ द्यायचं होतं. मैदान तर रविवारी रिकामंच असायचं.’

पंचवीस वर्षं चौकात, चर्चेत, कवितेत मी जो न्याय शोधत होतो, तो त्याने एका वाक्यात सांगितला. गुणी मुलाच्या पायात हद्दीची बेडी घालू नये. त्याला जिथे गुरू भेटेल तिथे जाऊ द्यावं. पण जी शाळा दुसऱ्या शाळेचं पोर घेते, तिने त्या शाळेच्या उरलेल्या पोरांसाठी आठवड्यातून एक दिवस आपल्या मैदानाचं फाटक उघडावं. स्पर्धा भरवणाऱ्यांनी शाळेचं नाव न बघता, मागच्या वर्षांचा निकाल बघून गट पाडावेत. तुल्यबळांशी खेळून हरलेला मुलगा पुन्हा येतो. चारशेचा मार खाऊन ४१ वर बाद झालेला येत नाही, हे मी माझ्या हाताने लिहिलेलं आहे.

दीडशे वर्षांपूर्वी या शहरातल्या पोरांचं मागणं एवढंच होतं की घोडे बाजूला घ्या, आम्हाला खेळू द्या. आज घोडे नाहीत. मागणं तेच आहे.