झेंडा घरावर कसा चढला

अमेरिका पाहून आलेल्या मराठी प्रवाशाच्या बोलण्यात घरोघरी दारापुढे लावलेले झेंडे हमखास येतात. डेन्मार्कहून परतलेला सांगतो की तिथे वाढदिवसालाही राष्ट्रध्वज काढतात. मग प्रश्न येतो : आपल्याकडे ही माया का दिसत नाही? माझ्या मते घरावरचा झेंडा देशप्रेमाचे माप ठरत नाही. ती रीत प्रसंगाने आणि कायद्याने घडते. अमेरिकेत १८६१ साली फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या जाईपर्यंत झेंडा मुख्यतः किल्ले, जहाजे आणि सरकारी इमारतींवर असे. त्या हल्ल्याने यादवी पेटली तेव्हा तो उत्तरेकडच्या घरांवर चढला. डेन्मार्कमध्येही खासगी माणसाने ध्वज लावण्यावरची बंदी १८५४ साली उठली.

आपल्याकडे ही मोकळीक फार उशिरा आली. मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता तेव्हा तिरंगा फडकवणे म्हणजे तुरुंगाची वाट. १५ ऑगस्ट १९४७ रोजी निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. एवढे मोल देऊनही स्वतंत्र भारतात सामान्य माणसाला ठरावीक राष्ट्रीय दिवशीच ध्वज लावता येई. अमेरिकेत शिकून आलेल्या नवीन जिंदाल यांनी छत्तीसगडमधल्या रायगढच्या कारखान्यावर तो रोज लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि वाद न्यायालयात गेला. २६ जानेवारी २००२ पासून सामान्य माणसाला रोज ध्वज लावू देणारी नवी ध्वजसंहिता लागू झाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. म्हणजे मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराचा किंवा अंबरनाथच्या चाळकऱ्याचा हा हक्क जेमतेम पाव शतकाचा आहे. इतक्या कोवळ्या रिवाजाची तुलना दीडशे वर्षे मुरलेल्या रिवाजाशी करणे अन्यायाचे आहे.

कोणी म्हणेल, मोकळीक दिली आणि मान घटला. १६ ऑगस्टला रस्त्यावर पडलेले झेंडे पाहा. ते दृश्य खरोखर जिव्हारी लागते. पण ज्यांच्या हाती ध्वज कधी दिलाच नाही, त्यांना तो सांभाळण्याची सवय कुठून असणार? केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग अशोकचक्र वर दिसेल अशी घडी घालायची. जीर्ण ध्वज खासगीत, शक्यतो जाळून, अखंड विसर्जित करायचा. हे शाळेत आणि सोसायटीत हाताने करून शिकवले पाहिजे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या पॉलिएस्टर ध्वजालाही मान्यता मिळाली, तो स्वस्तात घरोघरी पोहोचला. तरीही नांदेडला खादीचे ध्वज तयार होतात, आणि परवडेल त्याने तेच घ्यावेत, कारण त्या सुतात स्वातंत्र्यलढ्याचे श्रम आहेत. परदेशातून उचलण्याजोगी गोष्ट झेंड्यांची संख्या नव्हे; ध्वज आपला म्हणून वर्षभर निगुतीने सांभाळण्याची सवय आहे.