पंधरा टक्क्यांची रेघ

उत्तर ध्रुवाकडचा समुद्री बर्फ उन्हाळ्यात किती मागे हटतो, हे मोजावं असं मुळात कुणाच्या मनात नव्हतं. जहाज अडकू नये, एवढीच धास्ती. व्हिटबी बंदरातले व्हेल-शिकारी थोरले विल्यम स्कोर्सबी यांनी १८०७ मध्ये डोलकाठीच्या टोकाला चक्क पिंप बांधलं. त्यात उभा राहिलेला माणूस पाण्याइतकंच ढगांकडे बघे. क्षितिजावर ढगांचं पोट पांढरं चकाकलं तर तिकडे बर्फ, काळपट दिसलं तर मोकळं पाणी. त्यांच्या मुलाने, तोही विल्यमच, १८१७ मध्ये लंडनला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांना कळवलं की ग्रीनलंडच्या समुद्रातला बर्फ बराच हटलाय. शिकाऱ्याचं पत्र ते. हवामानाचे अभ्यासक आजही काढून वाचतात.

१८९० च्या दशकापासून डॅनिश हवामान खातं जहाजांकडून आलेल्या खबरी नकाशावर मांडू लागलं. कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तिथे लाल खुणा, बाकी अंदाज. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. पण जहाजं जायची उन्हाळ्यात, त्यामुळे हिवाळा कोराच राहिला.

तो भरून निघाला उपग्रहांमुळे. बर्फ आणि पाणी सूक्ष्मलहरी कमीजास्त सोडतात. त्या टिपायला ना उजेड लागतो, ना निरभ्र आकाश. ऑक्टोबर १९७८ मध्ये गेलेल्या निंबस-७ पासून ही नोंद सलग आहे. सलग म्हणजे तरी काय, त्यावरचं यंत्र वीज पुरेना म्हणून एक दिवसाआड चाले! रोजची मोजणी १९८७ पासूनची.

आणि बर्फाची हद्द? पंचवीस किलोमीटरच्या चौकोनात निदान १५ टक्के बर्फ असेल तर तो चौकोन बर्फाचा, नसेल तर पाण्याचा. ही रेघ माणसांनी ठरवली. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली डबकीसुद्धा उपग्रहाला समुद्रच वाटतात. तरी माप दरवर्षी तेच असल्याने तुलना टिकते: सप्टेंबर १९७९ मधला नीचांक सुमारे ६९ लाख चौरस किलोमीटर, सप्टेंबर २०१२ मधला सुमारे ३४ लाख.

कप्तानाचं मात्र एवढ्यावर भागत नाही. चौदा टक्के बर्फसुद्धा जहाज फोडायला पुरेसा असतो. म्हणून जहाजांसाठीचे बर्फाचे नकाशे आजही जाणकार माणसं, उपग्रहांची चित्रं डोळ्यांनी वाचून, हाताने आखतात.