मिताहार आणि परळची प्रयोगशाळा

कमी खावें म्हणजे पुष्कळ जगावें, हा उपदेश आपल्याकडे नवा नाहीं. हठयोगप्रदीपिकेंत मिताहाराची जी व्याख्या केली आहे, तींत पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवण्यास सांगितलें आहे. गिरगांवच्या चाळींतील आजोबा नातवास "दोन घास कमी खा" म्हणत आले, ते ह्याच परंपरेंतून. परंतु त्याच व्याख्येच्या आरंभीं अन्न स्निग्ध आणि मधुर असावें, अशी एक अट आहे. तिची आठवण फारशी कोणास राहिली नाहीं. चौथा हिस्सा वजा करावयाचा तो सकस अन्नांतून, कदन्नांतून नव्हे. (एकादशीस साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदां मागून घेणारांस त्या चौथ्या हिश्श्याविषयीं कांहीं न विचारणेंच बरें.) विसाव्या शतकांत शास्त्रज्ञांनीं जेव्हां उंदरांना मोजून खाऊं घातलें, तेव्हां ह्या विसरलेल्या अटीचें महत्त्व पुन्हां दिसून आलें, आणि त्या शोधाचा एक मोठा भाग मुंबईंत, गिरण्यांच्या भोंग्यांच्या आवाजांत झाला.

1921-22 सालीं मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें फिंडले शिरास ह्यांच्या देखरेखीखालीं कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल 1923 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एक निष्कर्ष पुढें वर्षानुवर्षें उद्धृत होत राहिला, आणि तो आजही वाचवत नाहीं. परळ-लालबागच्या कामगाराच्या पोटांत जाणारें धान्य दुष्काळी कामांच्या नियमांनीं ठरविलेल्या कमाल मापाइतकें होतें, पण मुंबई इलाख्याच्या तुरुंगांत कैद्यास जें मिळे त्याहून कमी होतें! केवळ कमी खाण्यानें माणूस दीर्घायुषी होत असता, तर लालबागच्या प्रत्येक चाळींत शतायुषी म्हातारे दिसावयास हवे होते. प्रत्यक्षांत तेथें काय दिसत होतें, तें इस्पितळांतील डॉक्टर पाहत होते.

गरोदर स्त्रियांना होणारा एक पंडुरोग त्या काळीं मुंबईंत फार होता. गिरण्यांत काम करणाऱ्या व इतर गरीब स्त्रियांत तो विशेष आढळे. रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या, असें त्याचें लक्षण होतें. बाळंतपण जवळ येई तसतशी बाई खचत जाई, आणि पुष्कळजणी दगावत. ह्या रोगाचें मूळ शोधण्यासाठीं 1928 सालीं लूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या, आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं काम आरंभिलें. पूर्वीं जेथें मुंबईचे गव्हर्नर राहत, त्याच जुन्या वाड्यांत 1899 पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. तिला 1925 सालीं हाफकिन ह्यांचें नांव मिळालें.

विल्सबाईंचा विशेष असा, कीं त्यांनीं सूक्ष्मदर्शकाबरोबरच रोग्याच्या चुलीकडेही लक्ष दिलें. तळपदे ह्यांच्यासह त्यांनीं मुंबईच्या स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. ती 1930 सालीं प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या समाजांतील व थरांतील स्त्रिया काय खातात आणि त्यांपैकीं कोणास हा रोग होतो, ह्याचा मेळ घालतां असें दिसलें, कीं गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता, आणि रोगही त्यांच्यांतच सर्वांत अधिक होता. मग त्या आहारासारखेंच अन्न उंदरांना व पुढें माकडांना देऊन पाहिलें. तीं जनावरें रोगी झालीं. अन्नांत यीस्टचा अर्क मिसळतांच सुधारणा दिसूं लागली. हा अर्क म्हणजे विलायतेंत पावास लावून खातात तें मार्माइट. मद्याच्या कारखान्यांत उरलेल्या यीस्टपासून तें बनतें, आणि तें स्वस्तही होतें. तेंच रोगी स्त्रियांना देण्यांत आलें, आणि थोड्याच दिवसांत त्यांची भूक परत आली व रक्त वाढूं लागलें. हा शोध 1931 सालीं प्रसिद्ध झाला. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्याचें नांव मात्र कोणास ठाऊक नव्हतें. 1941 सालीं अमेरिकेंत सुमारे चार टन पालकाच्या पानांतून जें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें व ज्यास पानाच्या लॅटिन नांवावरून फोलिक ॲसिड म्हणूं लागले, तेंच तें, हें पुढें सिद्ध झालें. त्या स्त्रियांना जें मिळत नव्हतें, तें एका पालेभाजींत होतें.

1929 सालीं विल्सबाई कांहीं काळ नीलगिरींतील कुन्नूर येथें होत्या. तेथें मॅककॅरिसन हे हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचा आहार उंदरांच्या निरनिराळ्या गटांना देऊन त्यांची वाढ ताडून पाहत होते. शिखांचा आहार पहिला ठरला, पठाणांचा दुसरा, मराठ्यांचा तिसरा. पहिल्यांत गव्हाची पोळी, दूधदुभतें, डाळ व भाजीपाला होता. शेवटल्यांत मुख्यतः सडीक तांदूळ होता. पोट दोन्हींनीं भरतच होतें.

ही एक बाजू झाली. दुसरी 1935 सालीं अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठांत दिसली. क्लाइव्ह मॅके व त्यांचे सहकारी ह्यांनीं कांहीं उंदरांना पोटभर खाऊं दिलें, आणि कांहींचे उष्मांक तोडून त्यांची वाढ रोखली; मात्र प्रथिनें, क्षार व जीवनसत्त्वें ह्यांत त्यांना उणें पडूं दिलें नाहीं. पोटभर खाणारे नर आधीं मेले, आणि रोखलेले नर कितीतरी अधिक जगले. माद्यांच्या सरासरींत तसा फरक आढळला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पुष्कळ लेखक तें गाळतात. परळच्या बाईचा आहार आणि कॉर्नेलच्या उंदराचा आहार, दोन्ही तुटपुंजेच होते. पण एकांत अन्नाबरोबर पोषणही तुटलें होतें, आणि दुसऱ्यांत केवळ उष्मांक तुटले होते.

पुढें 1980 नंतर अमेरिकेंत दोन ठिकाणीं माकडांवर हाच प्रयोग वर्षानुवर्षें चालला. विस्कॉन्सिनच्या माकडांना लाभ झाल्याचें 2009 मध्यें कळविण्यांत आलें. सरकारी संस्थेच्या माकडांचें आयुष्य वाढलें नाहीं, असें 2012 मध्यें. 2017 मध्यें दोन्ही पक्षांनीं एकत्र बसून आंकडे तपासले, तेव्हां दोहोंकडील अन्नाचा दर्जा, साखरेचें प्रमाण आणि तुलनेसाठीं ठेवलेल्या माकडांचें खाणें निरनिराळें होतें, असें निघालें. पुन्हां तोच प्रश्न: किती, हें खरें, पण कशांतून?

माणसांवरील मोठा प्रयोग 2015 मध्यें प्रसिद्ध झाला. स्थूल नसलेल्या 218 स्त्रीपुरुषांपैकीं एका गटास दोन वर्षें चतुर्थांश उष्मांक कमी घेण्यास सांगितलें होतें. हठयोग्यांचाच चौथा हिस्सा म्हणावयाचा! प्रत्यक्षांत साधलें तें सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यानेंही वजन उतरलें, रक्तदाब व रक्तांतील चरबी सुधारली. पण हाडेंही थोडीं विरळ झालीं. आयुष्य वाढलें कीं नाहीं, हें दोन वर्षांत कळण्यासारखें नव्हतें. वाढत्या वयाचीं मुलें, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि कृश वृद्ध ह्यांच्यासाठीं ही वाट नव्हेच.

1982 च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकेक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या जागीं उत्तुंग इमारती आल्या. तेथें आतां वजन कमी करण्याची चिंता वाहणारीं कुटुंबें राहतात. हाफकिन इन्स्टिट्यूट मात्र जुन्या वाड्यांतच आहे. अमेरिकेंतील त्या 218 जणांपैकीं ज्यांनीं आहार कमी केला, त्यांच्या पोषणांत उणीव राहूं नये म्हणून त्यांना रोज जीवनसत्त्वांची एक गोळी देण्यांत येत असे. अशा गोळ्यांत फोलिक ॲसिड बहुधा असतेंच.