बर्मा बाजारातली तारीख

मेटॅलिकाचा काळ्या कव्हरचा अल्बम १२ ऑगस्ट १९९१ ला निघाला, असं सगळीकडे छापलेलं आहे. मद्रासच्या जॉर्ज टाउनात तो दसरा उलटल्यावर निघाला. बर्मा बाजारातल्या ज्या भाईंकडून मी कॅसेटी घ्यायचो त्यांनी फळीखालचा खोका उघडला, एक कॅसेट माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, 'पुदुसु, तंबी.' नवी आहे, बाळा. झालं प्रकाशन.

मद्रासमध्ये हेवी मेटल कसं रुजलं हे सांगताना लोक कॉलेजांची नावं घेतात, आयआयटीच्या महोत्सवाचं नाव घेतात, मग एमटीव्ही येतं. हे सगळं खरं आहे, पण नंतरचं. आधी बंदर होतं. बंदराशेजारी फुटपाथ होता, आणि त्या फुटपाथवर ब्रह्मदेशातून हाकलून दिलेली माणसं दुकानं टाकून बसली होती. ती तिथं नसती तर माझ्यासारख्या गलाईवाल्याच्या पोराला स्लेयर हे नाव कुठून कळणार होतं?

गलाईचं आधी सांगतो. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, हे सांगली जिल्ह्यात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. मद्रासमध्ये त्यांचा मुक्काम सावकारपेटेत. आमचं दुकान मिंट स्ट्रीटमागच्या बोळात होतं. दुकान म्हणजे एक भट्टी, मुशी, चिमटे, टाकणखाराचा डबा, तेजाबाच्या बरण्या आणि धूर जायला वर एक नळकांडं. जुनं सोनं आलं की त्यात चांदी मिसळून ते वितळवायचं, पत्रा करून तेजाबात उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी मातीसारखं उरतं ते शुद्ध सोनं. मिंट स्ट्रीटला तमिळमध्ये तंगसालै म्हणतात. कंपनी सरकारची टांकसाळ १८४० च्या सुमाराला या रस्त्याच्या उत्तर टोकाला आली आणि १८६९ मध्ये बंद झाली. टांकसाळ गेली, पण धातूवर पोट भरणारे लोक त्या भागातून हलले नाहीत.

आण्णा, म्हणजे माझे वडील, या धंद्यात आले तेव्हा मोरारजी देसाईंचा सुवर्ण नियंत्रणाचा नियम ताजा होता. जानेवारी १९६३ पासून चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी. पुढं १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. सरळ वाटेनं सोनं मिळेना, म्हणून ते वाकड्या वाटेनं यायला लागलं, आणि त्या वाटेवरून घड्याळं, सेंटच्या बाटल्या, जपानी साड्या, छत्र्या, टेपरेकॉर्डर असं सगळंच यायला लागलं. कॅसेट ही त्या वरातीतली शेवटची, सगळ्यात स्वस्त पाहुणी.

आता बर्मा. १९६२ मध्ये रंगूनला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. १९६४ च्या मार्चमध्ये दुकानं सरकारजमा झाली, मे महिन्यात पन्नास आणि शंभर क्यातच्या नोटा रद्द झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथं व्यापार, सावकारी, कारकुनी केलेली तमिळ कुटुंबं जहाजानं परत आली ती जवळजवळ रिकाम्या हातानं. त्यांना पोटापाण्यासाठी १९६९ मध्ये बीच रोडच्या फुटपाथवर जागा मिळाली. हाच रस्ता पुढं राजाजी सालै झाला. ओळीनं अरुंद दुकानं, एकाला एक चिकटलेली. आत दुकानदार बसला की दुसऱ्या माणसाला जागा नाही. आणि गंमत बघा, कस्टम हाउस त्याच रस्त्यावर. परदेशी मालावर जकात बसवणारी इमारत आणि जकात न भरलेला माल विकणारी रांग एकाच बसथांब्यावरून दिसायची.

सावकारपेटेतून तिथं जायला एनएससी बोस रोडनं सरळ चालायचं आणि पॅरीज कॉर्नरला डावीकडे वळायचं. वाटेत तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळचं देऊळ. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी ३ ऑक्टोबर १६७७ ला शिवाजी महाराज इथं दर्शनाला आले होते, असं देवळातली पाटी सांगते. गावाकडून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तिथं न्यायचो. पाहुणे पाटीपुढं हात जोडून उभे राहायचे, क्वचित डोळे पुसायचे, आणि बाहेर पडल्या पडल्या विचारायचे, 'ते फॉरेनच्या मालाचं मार्केट कुठंय?' मी त्यांना आनंदानं घेऊन जायचो. ते घड्याळाची घासाघीस करेपर्यंत मला भाईंच्या खोक्यात डोकं घालायला मोकळीक मिळायची.

माल येण्याच्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे खलाशी, बंदराला लागलेल्या बोटीवरून उतरलेले. दुसरी वाट कुरुवींची. कुरुवी म्हणजे चिमणी. सिंगापूर-मलेशियाला जाऊन कुणाचा तरी माल आपल्या सामानात घालून आणणाऱ्या माणसाला मद्रासमध्ये कुरुवी म्हणतात. तिकीट दुसऱ्याचं, पिशवी दुसऱ्याची, कस्टमवाल्यापुढं घाम मात्र स्वतःचा. पूर्वी ही मंडळी 'चिदंबरम' नावाच्या बोटीनं जायची. ती मद्रास-सिंगापूर फेऱ्या करायची. फेब्रुवारी १९८५ मध्ये तिला समुद्रात आग लागली, माणसं गेली आणि त्या फेऱ्या संपल्या. त्याच वर्षी मे महिन्यात सेंट्रल स्टेशनाशेजारचं मूर मार्केट जळालं. जुनी पुस्तकं आणि जुन्या तबकड्या मिळण्याचं शहरातलं ते मोठं ठिकाण. चार महिन्यांच्या आत लागलेल्या या दोन आगींचा मद्रासच्या संगीताच्या इतिहासात कुणी उल्लेख करत नाही. मला तो करावासा वाटतो. तबकड्यांचा जुना साठा राखेत गेला आणि कुरुवी विमानात बसल्या. विमानात वजनाचा हिशेब असतो. जड तबकडीपेक्षा हलकी कॅसेट परवडते.

या कॅसेटी अस्सल नसायच्या, हे उघड आहे. सिंगापूर तेव्हा नकली कॅसेटींचं आगर होतं. अमेरिकेनं दबाव आणल्यावर १९८७ मध्ये तिथं कॉपीराइटचा नवा कायदा झाला आणि ती गंगोत्री आटली. मग भाईंच्या खोक्यात थायलंडचा माल दिसायला लागला, कारण तिथं तसा कायदा व्हायला १९९४ उजाडलं. म्हणजे लंडन-लॉस एंजेलिसला बसलेली मंडळी काय वाजवतात हे मद्रासला कधी आणि कुठल्या रूपात कळणार, ते सिंगापूर-बँकॉकच्या विधिमंडळात ठरत होतं. नकली कॅसेटीची स्वतःची एक रीत होती. साठ मिनिटांच्या टेपेत अल्बम संपला आणि जागा उरली की तिथं भलत्याच बँडचं एखादं गाणं भरलेलं असायचं. मेगाडेथचा 'रस्ट इन पीस' माझ्या कानात आजही एका अनोळखी जर्मन बँडच्या गाण्यानं संपतो. पुढं अस्सल सीडी घेतली तेव्हा शेवट अर्धवट वाटला.

आयर्न मेडन, स्लेयर, सेपल्तुरा, क्रिएटर ही नावं भाई तमिळ वळणानं उच्चारायचे. गाणं त्यांनी कधी ऐकलं असेल असं वाटत नाही. पण कुठल्या बँडचा नवा अल्बम यायचा आहे हे त्यांना आमच्याआधी माहीत असायचं, कारण गेल्या खेपेला कोण काय मागत होतं हे ते एका वहीत रेघोट्या मारून ठेवायचे. तीन-चार पोरांनी तेच नाव घेतलं की पुढच्या कुरुवीला चिठ्ठी जायची. रेकॉर्ड कंपन्यांचा विक्री विभाग याहून वेगळं काय करतो, मला ठाऊक नाही. खरेदी झाली की सेकंड लाइन बीचवर अत्तो खायचा. बर्मी नूडल्स, त्यात कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, आणि सोबत केळीच्या सोपाचं गरम सूप. अत्तोही ब्रह्मदेशातून परतलेल्यांच्या बोटींतूनच आलेला. जॉर्ज टाउनात मेटलचा आणि अत्तोचा वास माझ्या आठवणीत वेगळा काढता येत नाही.

आण्णांना या संगीताचा राग नव्हता, त्यांना ते संगीत वाटतच नव्हतं. भट्टीचा पंखा चालू असताना मी टेप लावायचो. ते म्हणायचे, 'अरं, पंख्यात काय अडकलंय का बघ.' मग एकदा मी त्यांना टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तोच हात. गड्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा सैल आणि हलक्या लावल्या, आणि त्यातून जो जाड, काळोखा आवाज निघाला त्यावर ब्लॅक सॅबथ उभी राहिली. आण्णांनी हातातलं काम थांबवलं. गलाईवाल्याची बोटं तेजाबानं कायमची पिवळी पडलेली असतात, नखं झिजलेली असतात. ते स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, 'कारखान्यानं पैसं दिलं का त्याला?' मला उत्तर माहीत नव्हतं. पण त्यानंतर पंख्याचा विनोद बंद झाला. टेप लावली की विचारायचे, 'हा तोच का, बोटं गेलेला?'

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, निघाला. तो सुरू होतो पावसाच्या आवाजानं आणि चर्चच्या घंटेनं. आमच्याकडे तसल्या घंटा आर्मेनियन स्ट्रीटला होत्या. तिथल्या आर्मेनियन चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, त्यांतल्या दोन लंडनच्या टॉमस मिअर्सनं ओतलेल्या. मद्रासचे आर्मेनियन व्यापारी कधीच निघून गेले, घंटा राहिल्या आणि रविवारी सकाळी वाजत राहिल्या. पावसाळ्यात, म्हणजे आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रविवारी त्या रस्त्यानं गेलं की अल्बमची सुरुवात फुकटात ऐकायला मिळायची. बाकीच्या अल्बमला मात्र भाईंना पैसे मोजावे लागत.

१९९१ नंतरचं लवकर सांगून टाकतो, कारण ते सगळ्यांच्या आठवणीत आहे. बाजार उघडला, परदेशी कंपन्यांच्या कॅसेटी रीतसर दुकानांत आल्या, घरात केबल आली, अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघायला लागलं. आयआयटीच्या मार्डी ग्राचं नाव सारंग झालं. खोका तरीही चालू राहिला, फक्त त्यात सीडी आल्या, मग एकाच सीडीवर एखाद्या बँडचे सगळे अल्बम एमपीथ्रीत कोंबलेले. २००४ मध्ये तमिळनाडू सरकारनं गुंडा कायद्याच्या कक्षेत व्हिडिओची चोरी करणारेही आणले. तो सिनेमावाल्यांसाठी होता, पण छापा पडला की पोलीस खोक्यात सिनेमा कुठला आणि स्लेयर कुठला हे निवडत बसत नाहीत. भाईंच्या मुलानं दुकानात मोबाइलचे सुटे भाग मांडले.

नकली कॅसेटींतून त्या बँडांना एक पैसाही मिळाला नाही, हे मला मान्य आहे. पण १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर पहिल्यांदा वाजवायला आली, तेव्हा आदल्या रात्री चेन्नई सेंट्रलवरून सुटलेल्या गाडीत काळ्या शर्टांची जी गर्दी होती ती कुठल्या रीतसर दुकानानं घडवली होती? तिकिटं सगळ्यांनी पुऱ्या पैशांची काढली होती. दोन वर्षांनी २००९ च्या सारंगला स्वीडनचा ओपेथ आयआयटीच्या उघड्या नाट्यगृहात वाजवून गेला. पहिल्या गाण्याचे शब्द पोरांना तोंडपाठ होते. त्यांतल्या बहुतेकांनी तोपर्यंत त्या बँडची एकही अस्सल तबकडी पाहिली नसावी.

आपल्याकडच्या बँडांची गोष्ट उलटी झाली. मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शननं २००० पासून अल्बम काढले, 'दशावतार' नावाचा एक २०१७ मध्ये. भयानक मौतचा 'मॅन' २०१४ चा. हे अल्बम बर्मा बाजारात कधी आले नाहीत, कारण ते परदेशाहून येत नव्हते आणि कुरुवी मुंबईला जात नव्हती. देशातल्या बँडची सीडी हवी तर कार्यक्रमाला जाऊन, स्टेजशेजारच्या टेबलावर त्यांच्याच माणसाकडून घ्यायची.

बंगळूरच्या क्रिप्टॉसनं २०२४ मध्ये 'डेसिमेटर' काढला. त्यांचे अल्बम बरीच वर्षं जर्मनीतल्या एएफएम रेकॉर्ड्सकडून निघतात. प्रकाशनाच्या दिवशीच तो माझ्या फोनवर होता, त्यात काही विशेष उरलेलं नाही. पण मला तबकडी हवी होती, म्हणून जर्मनीहून मागवली. बंगळूरहून चेन्नईला बृंदावन एक्सप्रेस सहा-एक तासांत पोचते. ही तबकडी युरोप फिरून, कस्टममध्ये पडून, सावकाश आली. पोस्टमननं पाकीट देण्याआधी जकातीची पावती पुढं केली, आणि मी ती मुकाट्यानं भरली.