दिव्यांचें अंतराळयान

दिवाळीच्या रात्रीं सणसवाडीच्या रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूला आकाशकंदिलाच्या कामट्या व खळ दिसत नाहींत. दिसतो तो उजेड. सांगाड्याला जीव येतो तो आंतल्या दिव्यानें. अमेरिकेंतील एका काल्पनिक अंतराळयानाच्या प्रतिकृतीचा इतिहास हेंच सांगतो.

‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी-मालिकेसाठीं १९६४ सालीं ‘एंटरप्राइज’ यानाची सुमारें ११ फूट लांबीची प्रतिकृति तयार झाली. आराखडा मॅट जेफरीज यांचा होता. प्रारंभीं तींत दिवे नव्हतेच. पुढें ते बसविले, तेव्हां विजेच्या तारा डाव्या अंगानें बाहेर काढाव्या लागल्या. त्यामुळें तें अंग खिडक्या व खुणा यांवांचून राहिलें, आणि चित्रीकरण बहुधा उजवीकडूनच झालें. प्रेक्षकांना पूर्ण भासलेलें यान प्रत्यक्षांत अर्धेंच सजलें होतें.

१९६६ मध्यें एएमटी कंपनीनें या यानाचे सुटे भाग पेटींतून विकावयास आणले. पहिल्या पेट्यांत दिवेहि होते. अशा यानाची खरी परीक्षा रंगकामांत असते. पातळ प्लॅस्टिकमधून उजेड भलतीकडे झिरपतो. म्हणून कसबी हौशी लोक जोडणीपूर्वीं आंतून आधीं काळा व त्यावर पांढरा रंग देतात. काळा उजेड अडवितो, पांढरा तो खिडक्यांकडे परतवितो.

मूळ प्रतिकृति १९७४ सालीं स्मिथ्सोनियन संस्थेकडे आली. पुढें तिच्यावर नवे रंग चढले. पण बशीसारख्या भागाच्या माथ्यावरील जुना रंग टिकला होता. २०१६ सालच्या दुरुस्तींत तोच प्रमाण मानला गेला. डावें अंग मात्र अपुरेंच ठेविलें. तें सजविलें असतें, तर दिव्यांसाठीं मोजलेल्या किंमतीची खूणच पुसली गेली असती.