श्वान आणि त्याचा हस्तक

पोलीस खात्यातील कुत्र्यांविषयी लिहिताना बहुतेक लेखक त्यांच्या पराक्रमापासून आरंभ करतात. मला मात्र हा इतिहास एका फसलेल्या प्रयोगापासून सांगावासा वाटतो. प्रशासनाला शिकण्यासारखे त्यातच अधिक आहे.

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या खुन्याने हाहाकार माजविला होता. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी एडविन ब्रो या श्वानपालकाचे बार्नबी आणि बर्गो हे दोन ब्लडहाउंड मागवून घेतले व ऑक्टोबरात शहरातील उद्यानांत त्यांची चाचणी घेतली. परंतु कुत्रे विकत घ्यायचे की भाड्याने ठेवायचे आणि त्यांना इजा झाल्यास भरपाई कोणी द्यायची, याचा निर्णय होईना. अखेर मालकाने ते परत नेले. ९ नोव्हेंबरला मिलर्स कोर्टातील एका खोलीत मेरी केली हिचा मृतदेह दिसला, तेव्हा पोलीस दोन तासांहून अधिक काळ बंद दाराबाहेर थांबून राहिले. कुत्रे येणार आहेत, तोवर आत कोणी जाऊ नये, अशी त्यांची समजूत होती! वॉरन यांनी आदल्याच दिवशी राजीनामा दिला होता. वर निर्णय न झालेली व्यवस्था अस्तित्वात आहे असे गृहीत धरून खालची माणसे इमानेइतबारे उभी राहतात, याचा इतका बोलका दाखला माझ्या वाचनात दुसरा नाही.

नियमित स्वरूपाचे श्वानदल उभे राहिले ते १८९९ साली, बेल्जियममधील गेंट शहरात. रात्रीच्या गस्तीसाठी शिपाई वाढविण्यापेक्षा आहेत त्यांच्याबरोबर शिकविलेले कुत्रे देणे स्वस्त, असा तिथला साधा हिशेब होता. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपला अधिकारी तेथे धाडून हीच पद्धत उचलली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून हा हिशेब मला पटतो, आणि खटकतोही. माणसाच्या जागी कुत्रा, म्हणजे एका साधनाला दुसरा पर्याय, असे तो मानतो. वास्तविक ही पूरक साधने आहेत. पाठ्यपुस्तकात पायातील डाव्या-उजव्या जोड्याचे उदाहरण असते, तशी. एक नसेल तर दुसऱ्याची किंमत जवळजवळ शून्य.

मुंबई पोलिसांचे श्वानपथक डिसेंबर १९५९ मध्ये तीन डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले. प्रारंभी काम मुख्यतः गुन्हेगाराचा माग काढण्याचे होते. स्फोटकांचा शोध ही पुढच्या काळाची गरज. दोन्ही कामांत एक माणूस अपरिहार्य असतो. खात्याच्या मराठीत त्याला ‘श्वान हस्तक’ म्हणतात. (एरवी आपण हा शब्द कटातल्या साथीदारासाठी राखून ठेवला आहे, ही गंमत वेगळी.) पिल्लू लहान असतानाच ते या माणसाच्या हवाली होते. प्रशिक्षण दोघांचे एकत्र होते. खाणे, आंघोळ, फिरवणे, आजारपण, सारे त्याच्याकडे. साधारणपणे एका श्वानाला दोन हस्तक नेमण्याची रीत आहे, ती एकजण रजेवर गेला तरी काम अडू नये म्हणून. स्फोटके हुंगणारा कुत्रा भुंकत नाही, पंजाने उकरत नाही. वास मिळाला की तो शांतपणे खाली बसतो. बसण्यापूर्वी त्याचे शेपूट, कान, श्वास यांत जो बारीक बदल होतो, तो ओळखावा लागतो हस्तकालाच. गर्दीच्या फलाटावर कुत्रा थकून बसला की काही सांगण्यासाठी बसला, हे परक्या माणसाला उमगणार नाही.

१२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोट मालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या शोधात ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरचे नाव देशभर झाले. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून तो पथकात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबाँब आणि ६,४०६ काडतुसे एवढा साठा पकडण्याचे श्रेय त्याला दिले जाते. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याला शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. जंजीर हे नाव आपल्यापैकी अनेकांना आठवते. त्याच्या साखळीचे दुसरे टोक कोणाच्या हाती होते, हे किती जणांना सांगता येईल?

न्यायालयाला मात्र ते टोक विसरता आले नाही. महाराष्ट्रातील रेल्वे घातपाताच्या एका खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याचा प्रश्न आला. कुत्रा शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. जे काही सांगायचे ते त्याला सांभाळणारा माणूस सांगणार, आणि ते सांगणे एका अर्थी ऐकीव ठरणार, हे आक्षेप न्यायालयाने नोंदविले आणि अशा पुराव्याला फारसे वजन देता येत नाही असे म्हटले. पुढे २००८ मध्ये आसामातील एका प्रकरणातही हीच भूमिका कायम राहिली: तपासात श्वानाची मदत घ्यावी, पण दोषसिद्धी त्याच्यावर आधारू नये. हा दंडक मला योग्य वाटतो. माणसाचे स्वातंत्र्य दुभाष्याच्या एकट्या शब्दावर सोपविणे धोक्याचेच.

पण हे मान्य केले की दुभाष्याच्या कसबाला महत्त्व येते, आणि आपल्या आस्थापनेची रचना नेमकी तिथे अपुरी पडते. शिपायाच्या बढतीची शिडी सर्वसाधारण पोलीसकामाच्या मापाने बांधलेली आहे. आठदहा वर्षे एकाच श्वानाबरोबर घालविणाऱ्याला ती फारसे काही देत नाही. त्याची बदली ही कागदावर एका माणसाची बदली असते. प्रत्यक्षात तिच्यामुळे दोघांचे प्रशिक्षण वाया जाऊ शकते.

निवृत्तीचेही तसेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे श्वान सेवेनंतर विरारच्या एका खाजगी शेतघरात राहिले. २०१६ या एका वर्षात चौघेही गेले. शेवटचा सीझर, ऑक्टोबरात. पोलीस वसाहतीतल्या खोलीत चार माणसांच्या संसारात लॅब्रॅडॉर मावत नाही, हे कोणालाही समजेल. तो मावावा एवढी जागा हस्तकाच्या निवासाच्या मंजुरीत धरावी, असा प्रस्ताव माझ्या नोकरीच्या काळात माझ्या टेबलावर तरी कधी आलेला नाही.